पिंट्यानं जेवण सोडलं तेव्हा

लग्नाकार्यात कुणी विचारतं, तुम्ही काय करता? मी डॉक्टर आहे म्हटलं की समोरच्याचा चेहरा उजळतो. लगेच गुडघा पुढे येतो, नाहीतर मोबाईलमधला रिपोर्ट. मग मी पुढचा शब्द उच्चारते, "जनावरांची." गुडघा मागे जातो. पण जेवणाच्या पंगतीत तोच माणूस हळूच शेजारी येऊन बसतो आणि म्हणतो, आमच्या मांजरीला हल्ली... मग मी हातातला घास ताटात ठेवून ऐकते. काय करणार, सवय.

लालबागच्या एका गल्लीत माझा दवाखाना. म्हणजे होता. गुडघ्यांनी रजा मागितली तशी मी घरी बसले आणि माझ्याकडेच तयार झालेली एक हुशार डॉक्टर तो आता चालवते. शेजारी मिरची कांडायची मशिनं. मे महिन्यात घराघरांतले मसाले कुटायला यायचे, तेव्हा माझ्याकडे येणारी कुत्री दारातच शिंकायला लागायची. नवीन गिऱ्हाईक घाबरून म्हणायचं, डॉक्टर, याला जोराची सर्दी झालीय. मी म्हणायचे, आधी जरा आत येऊन बसा, पाणी प्या, तुम्हालाही झालीय ती सर्दी.

आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "खात नाही". ताप, खरूज, मोडलेला पाय, हे सगळं नंतर. दादरच्या एका सोसायटीतला लॅब्रॅडॉर आठवतो. घरचे रडकुंडीला आलेले. याने अन्नाला तोंड लावलेलं नाही म्हणे. मी पोटावर हात ठेवला तर नगारा. चौकशी केल्यावर कळलं की साहेब सकाळी वॉचमनकडे चपाती, दुपारी पहिल्या मजल्यावर पेडिग्रीचं विकतचं खाणं, संध्याकाळी इस्त्रीवाल्याकडे पाव असं सगळं आटपून घरी यायचे. घरच्या ताटासाठी पोटात जागाच नसायची. माहीमची एक कोळीण सून तिच्या घरातली मांजर घेऊन आली होती. सासू लेकीकडे राहायला गेली आणि मांजरीने मासे सोडले. सून म्हणाली, "बघा डॉक्टर, मी सुटले म्हणून नाचतेय आणि ही बया उपाशी बसलीय." मी औषध दिलं नाही, फोनवर सासूचा आवाज ऐकवा म्हटलं. ऐकवला. मांजर जेवली. सून मात्र माझ्यावर जरा नाराजच झाली.

आमच्या पेशंटला बोलता येत नाही, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्याला घेऊन येणाऱ्याला बोलता येतं, पण तो सगळं सांगत नाही, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ज्या गोष्टीमुळे मला ते पक्कं कळलं ती घाडीगावकर काका-काकींची. आडनाव बदललंय. का, ते पुढे कळेल.

आधी गिनी पिगविषयी थोडं सांगते, कारण पुष्कळांना तो ससा वाटतो आणि उरलेल्यांना उंदीर. सोललेल्या नारळाएवढा जीव, वर शेंडीही असते कुणाकुणाला, आणि शेपूट नाही. मी शिकत होते तेव्हा हा प्राणी फक्त प्रयोगशाळेत दिसायचा. पिंजऱ्यावर नंबर असायचा, नाव नसायचं. आम्ही त्याच्याकडे प्राणी म्हणून बघतच नव्हतो. पुढे तोच मऊ टॉवेलात गुंडाळून, लाडाचं नाव लावून माझ्या टेबलावर यायला लागला, तेव्हा मला बरं वाटलं आणि थोडं ओशाळायलाही झालं.

याचे दात जन्मभर वाढतात आणि आतडी सतत चालू राहावी लागतात, म्हणून हा दिवसभर गवत चघळत असतो. कुत्रा एखादा दिवस जेवला नाही तर फारसं बिघडत नाही. गिनी पिग एक दिवस जेवला नाही तर धावायचं. आतडी थांबली की वायू धरतो, पोट दुखतं, दुखतं म्हणून तो खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडी आणखी थांबतात. त्यात माणसांना सहज चालणारी कितीतरी औषधं याला चालत नाहीत, उलट जिवावर बेततात. म्हणजे घाई तर करायची, पण जपून.

घाडीगावकर काका-काकी आले ते गणपती उठल्यानंतर लगेच. काकांच्या हातात हिंदमाताच्या साडीच्या दुकानाची मोठी कापडी पिशवी, आणि पिशवीत पिंट्या. तांबूस-पांढरा, सुस्त, पाठ वर काढून बसलेला. कपाळावर फिकट झालेलं कुंकू, उजव्या कानापर्यंत ओघळलेलं.

काका उंच, पण शर्ट दुसऱ्याचा मागून आणल्यासारखा अंगावर लोंबत होता. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडलेली दिसत होती. आधी कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवले, गिरणी बंद पडल्यावर एका शाळेत शिपाई होते. घोडपदेवच्या चाळीत जन्म गेला. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हापासून खूप वरच्या मजल्यावर राहतात. काकी ठेंगण्या, ठसठशीत कुंकवाच्या. त्यांना ऐकायला थोडं कमी येतं, आणि ज्यांना कमी येतं त्यांना वाटतं की समोरच्यालाही कमीच येत असणार. चाळीच्या गॅलरीतून "पाणी इला" म्हणून सांगायचा तो आवाज टॉवरमध्ये गेला तरी उतरलेला नव्हता. त्या कुजबुजल्या की बाहेर बाकावर बसलेल्यांना स्पष्ट ऐकू जायचं.

काका म्हणाले, कालपासून अचानक खाणं बंद. काकी माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या.

पिंट्या खरा त्यांच्या नातीचा, सईचा. मुलाला कंपनीने दुबईला पाठवलं, सून आणि सई बरोबर गेल्या, आणि पिंट्याला नेता येईना म्हणून तो आजी-आजोबांकडे राहिला. दर रविवारी सई व्हिडिओ कॉल करायची. आजोबांशी चार शब्द, आजीशी दोन, आणि मग पिंट्याला कॅमेऱ्यासमोर धरा. काका मला म्हणाले, "डॉक्टर, रविवारच्या आत उभा करा याला. पोरीला मी काय सांगू?"

दुसरी एक गोष्ट काकींनी सांगितली, काका पिशवी झटकायला बाहेर गेले तेव्हा. सई गेल्यापासून काकांचंच जेवण सुटलं होतं. रोज शाळेतून आणणं, क्लासला नेणं, गच्चीवर खेळवणं हे सगळं एका दिवसात थांबलं, आणि ताटावर बसले की त्यांना दोन घासांत पुरे व्हायचं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सगळं नॉर्मल. ज्या माणसाला बांगड्याशिवाय भात गोड लागायचा नाही, तो पेजेच्या वाटीकडे बघून तोंड फिरवायला लागला. माणूस डोळ्यांसमोर वाळत गेला, काकी म्हणाल्या. आता जरा जेवतात, असंही म्हणाल्या, आणि काका आत आल्यावर गप्प झाल्या.

मी पिंट्याला तपासलं. दात ठीक. पोट किंचित फुगलेलं, आतड्यांचा आवाज मंद. माझा ठरलेला प्रश्न विचारला, काय खाल्लं होतं? आणि मग गणपतीची कथा बाहेर आली.

काकांचं गावचं घर पडल्यापासून त्यांचा गणपती मुंबईतच येतो. या वर्षी मखर हॉलमध्ये मांडलं, आणि पिंट्याचा पिंजरा ठेवायला दुसरी जागा नव्हती म्हणून तो मखराच्या बाजूला. झालं. दर्शनाला येणारं प्रत्येक माणूस म्हणायला लागलं, काय हो, मूषक जिवंत ठेवलात की काय! शेजारची एक सून गंमत म्हणून पुढे झाली. देवळात मूषकाच्या कानात आपली इच्छा सांगतात आणि दुसरा कान हाताने झाकतात, म्हणजे सांगितलेलं पलीकडून निघून जात नाही. तसंच तिने पिंट्याचं केलं. मग काय, रांगच लागली. हळद-कुंकू, वर अक्षता, एका कानात इच्छा, दुसऱ्यावर हात, आणि नैवेद्य म्हणून मोदकाचा तुकडा. कुणाला बढती पाहिजे होती, कुणाला सून, कुणाला पार्किंग. पिंट्या बिचारा सगळ्यांचं ऐकून घेत होता.

मला हसू आवरेना. मी काकींना विचारलं, मग तुम्हीही सांगितलं असेल काहीतरी? काकी पिशवीची घडी घालायला लागल्या. तशी ती घातलेलीच होती.

मोदकांनी पोट बिघडलं, त्यात माणसांची गर्दी सोसली नाही, असं माझं निदान. तसं ते चूक नव्हतंही. पोट चालवणारं औषध दिलं, दुखणं कमी करणारं दिलं. गवताची पावडर कोमट पाण्यात कालवून, सुई नसलेल्या सिरिंजने गालात थोडी थोडी सोडायची, दिवसभर, हे काकींना करून दाखवलं. अशा वेळी औषधापेक्षा हे भरवणं महत्त्वाचं. काकांची बोटं थरथरतात, तेव्हा भरवायचं काम काकींचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले, तर पिंट्याचं वजन उतरलेलं. बरंच. तोंडाभोवती एक डागही नव्हता. ज्याला सिरिंजने भरवतात त्या जनावराची हनुवटी हिरवी होते, छातीवरचे केस चिकटतात, भरवणाऱ्याच्या पदरावरही शिंतोडे येतात. काकींचं लुगडं स्वच्छ होतं. मी विचारलं, भरवताय ना? काका म्हणाले, ही भरवते, मी दुपारचा जरा पडतो.

मी स्वभावाने तापट आहे. उपाशी ठेवलेलं जनावर पाहिलं की मी गिऱ्हाईक बघत नाही, वय बघत नाही. पण काकींच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं, आणि त्या पिंट्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, तो फिरवणारा हात दुष्ट माणसाचा नव्हता. तेव्हा मी काकांना बाहेर धाडलं. देवळापाशी गाय घेऊन बसणारी बाई असते, तिच्याकडून ताजं हिरवं गवत घेऊन या म्हटलं. काका गेले. मी दार लोटलं आणि काकींना म्हटलं, आता सांगा.

काकी माझ्या कानाशी वाकल्या आणि कुजबुजल्या. मनापासून काही बोलायचं असलं की त्यांच्या तोंडी कोकणातल्या घरातली बोली येते.

"बाय, मी त्येका सांगलंय, ह्यांचा दुखणा तू घे. त्येना घेतल्यान."

बाहेर बाकावर एक गृहस्थ पामेरियन घेऊन बसले होते. दार लोटलेलं असूनही त्यांनी सभ्यपणे तोंड भिंतीकडे वळवलं, हे मला फटीतून दिसलं.

मग हळूहळू सगळं आलं. गौरी यायच्या आदल्या दुपारी, पाहुणे नसताना, काकींनी पिंट्याच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, डावा कान झाकला आणि उजव्यात सांगितलं. त्याच संध्याकाळी काकांनी ताट मागून घेतलं. दुसऱ्या दिवशी थोडं जास्त जेवले. आणि इकडे पिंट्या गवत अर्धं टाकायला लागला. काकांचा घास वाढत गेला, पिंट्याचा कमी होत गेला, आणि गणपती उठल्यावर त्याने सोडलंच. कालपासून अचानक वगैरे काही नव्हतं. काकी रोज बघत होत्या आणि कुणाला सांगत नव्हत्या. सिरिंज भरायच्या, त्याच्या तोंडापाशी न्यायच्या, आणि हात पुढे जायचा नाही. मग तुळशीत ओतायच्या.

"तुमी त्येका बरो केलात," काकी म्हणाल्या, "तर ता दुखणा जातला खंय?"

मी खुर्चीत बसले. माझ्यापाशी उत्तरं पुष्कळ होती. असं काही नसतं काकी, हा योगायोग आहे, तुम्ही आजच्या काळात राहता. हे सगळं मी लोकांना वर्षानुवर्षं ऐकवत आले आहे आणि त्यातलं एकही अक्षर मला आत्ता बोलवेना. बाई रडत नव्हती, गळ्यात पडत नव्हती. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला नातीने विश्वासाने ठेवलेलं जनावर. तिने वाटेकरी ठरवला होता आणि आता तो डोळ्यांदेखत झिजताना बघवत नव्हता. तिच्या बाजूने प्रश्न चोख होता. गेलेलं दुखणं कुठेतरी जायलाच हवं ना.

"कानात सांगितलंत तेव्हा अक्षता किती वाहिल्यात?" मी विचारलं. डॉक्टरला काही सुचेनासं झालं की तो तपशील विचारतो, तसलाच तो प्रश्न.

चिमूटभर, काकी म्हणाल्या. सगळ्यांनीच वाहिल्या. तो डोकं झटकायचा आणि त्या घरभर उडायच्या.

पिंट्याने त्याच वेळी डोकं झटकलं. आणि मग उजवीकडे किंचित कलतं ठेवलं. कालही ठेवलं होतं, पण आजारी जनावर कसंही बसतं. मी कान बघायची दुर्बीण घेतली. उजव्या कानाला हात लावताच तो चिरकला, तोवर कशालाच चिरकला नव्हता. कानाशी आलेली लाली सगळीच कुंकवाची नव्हती. नळी सुजलेली, आत पाणी, आणि खूप आत, सुजेच्या मधोमध, काहीतरी लालसर रुतून बसलेलं.

तांदळाचा दाणा. कुंकू लावलेला. ओलाव्याने फुगलेला.

कानाची नळी आणि जबड्याचा सांधा शेजारी शेजारी. आपली दाढ दुखली की कान ठणकतो, तेच उलट्या बाजूने. हा घास चावायला जायचा आणि कळ मेंदूपर्यंत जायची. दिवसागणिक दाणा फुगला, सूज वाढली, तसं त्याने चावणं कमी केलं. वर मोदकांनी पोट बसवलं ते वेगळंच. मी काकींना दुर्बिणीतून बघायला लावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं.

"ह्यो माझो?" त्यांनी विचारलं.

कुणाचा ते कसं सांगणार, मी म्हटलं. पार्किंगवाल्याचाही असेल. त्या हसल्या नाहीत.

एवढ्यात काका गवताची पेंडी घेऊन आले. गायवालीने त्यांना हैराण केलं होतं. गाय इथे उभी आहे आणि पुण्य घरी कुठे नेताय, असं ती विचारत होती म्हणे. मी दोघांना समोर बसवलं आणि जे आमच्या धंद्यात सगळ्यात नकोसं असतं ते सांगितलं. दाणा आजच काढायला हवा, नाहीतर हा उपाशी जाईल. काढायचा तर भूल द्यावी लागेल, आणि इतक्या अशक्त जिवाला भूल सोसेलच असं नाही. भूल न देता चिमटा घातला आणि त्याने मान हलवली तर पडदा फाटेल. अगदी हलकी गुंगी देऊन मी प्रयत्न करीन. टेबलावरच गेला तर मला बोल लावायचा नाही. तुम्ही हो म्हटलंत तरच.

काकी पिंट्याकडे बघत बसल्या. त्यांचं काय चाललंय ते मला ठाऊक होतं. दाण्याने त्यांचा प्रश्न सुटलेला नव्हता. दाणा कानात कुणी पाठवला, हेच त्या विचारत असणार.

काकांनी गवत टेबलावर ठेवलं. "काढा, डॉक्टर," ते म्हणाले. मग बायकोकडे वळून, अगदी बाजाराची पिशवी देताना बोलावं तसं म्हणाले, "आणि तू जाताना बांगडे घे. आज तिखला कर. मी भातावर घेऊन जेवतलंय."

मला रागच आला. इथे जीव टांगणीला आणि याला बांगड्याचं तिखलं सुचतंय! पुरुषांची जात म्हणजे... वगैरे जे मनात आलं ते इथे लिहीत नाही. काकी मात्र नवऱ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून एक एक करत काहीतरी उतरत गेलं.

"काढा," त्या म्हणाल्या. या वेळी खरोखरच इतक्या हळू, की मलाच नीट ऐकू आलं नाही.

हलकी गुंगी दिल्यावर काकांनी पिंट्याला धरलं. आश्चर्य म्हणजे त्या वेळी त्यांची बोटं थरथरली नाहीत. गिरणीत तुटलेला धागा पकडणारी बोटं ती. कानात थोडं तेल सोडून वाट पाहिली, मग लांब टोकाचा बारीक चिमटा आत घातला. पहिल्यांदा सुटला. दुसऱ्यांदा दाण्याचा तुकडा आला आणि उरलेला आणखी आत गेला असता तर खेळ संपला होता. तिसऱ्यांदा चिमटा घातला. आला. पूर्ण आला. पिंट्याचं पोट वर-खाली होत होतं आणि मी त्या पोटाकडे नुसती बघत उभी होते.

त्या दिवशी त्याला दवाखान्यातच ठेवला. भरवणं मी माझ्याकडे घेतलं, काकींना म्हटलं, तुम्ही आज फक्त माणसाचं बघा. गुंगी उतरायला वेळ लागला. संध्याकाळी त्याने टॉवेलावर एक लेंडी टाकली आणि मी एकटीच टाळी वाजवली. आमच्या धंद्यातला आनंद हा असा असतो, चारचौघांत सांगता येत नाही. थोड्या वेळाने गायवालीच्या गवताची एक काडी तोंडात गेली आणि टायपिस्टच्या मशिनसारखा तो बारीक आवाज सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी काका एकटेच न्यायला आले. पिंट्याला बघून त्यांनी पुन्हा पुन्हा नाक पुसलं. मी त्यांना बाटलीत ठेवलेला दाणा दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला, परत दिला आणि विचारलं, "हिने तुम्हाला सांगितलं ना?"

मी बाटलीचं झाकण लावलं. पेशंटच्या घरातलं बोलायचं नाही, हा माझा नियम.

"नका सांगू. मला ठाऊक आहे," काका म्हणाले. "त्या दुपारी मी पडद्यापलीकडे पडलो होतो. हिला वाटलं झोपलोय. हिची कुजबुज कशी असते ती तुम्ही ऐकलीय."

मी मान हलवली.

"ह्यांचं दुखणं तू घे म्हणाली. तिथवर मला हसू येत होतं. मग जरा थांबली आणि म्हणाली, तुका झेपाक नाय तर माका दी."

हे काकींनी मला सांगितलं नव्हतं.

काका पिंट्याला पिशवीत ठेवत बोलत होते. म्हणाले, मी उठूनच बसलो. ही बाई बोलली ते करते, हिचा भरवसा नाही. नातीसाठी मी झुरतोय आणि माझ्यासाठी ही आपला जीव काढून द्यायला निघालीय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळी ताट मागून घेतलं. घास उतरत नव्हता, पाण्याबरोबर ढकलला. दुसऱ्या दिवशीही ढकलला. मग कधीतरी आपोआप उतरायला लागला. आणि मग हा जेवेनासा झाला तेव्हा हिचे डोळे बघून सगळं कळलं, पण बोलायचं कसं?

"म्हणून बांगडे?" मी विचारलं.

"म्हणून बांगडे. हा बरा झाला की मी परत ताट सारीन, ही भीती होती तिला. आधीच सांगून टाकलं." पिशवीचे बंद मुठीत धरून ते दारात थांबले. "तिला यातलं काही नका सांगू. मूषकाने ऐकलं असंच राहू दे."

त्या रविवारी सईने म्हणे पिंट्याला गवत खाताना बघितलं आणि तक्रार केली की तो कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाही.

कितीतरी वर्षं मी "खात नाही" हे ऐकल्यावर टेबलावरच्या जनावराकडे बघत आले. त्याला आणणारा जेवतोय का, हे विचारायचं मला सुचायचं नाही. त्यानंतर विचारायला लागले. लोक चमकतात, मग सांगतात. आधी सुचलं असतं तर कदाचित आणखी काही पिशव्या भरलेल्या परत गेल्या असत्या. हे लिहिण्याआधी काकांना फोन करून विचारलं. म्हणाले, लिहा, ती दिवाळी अंकातली फक्त राशिभविष्यं बघते, पण नाव बदला.

त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर दोघं पिंट्याची नखं कापायला आले होते. काकांच्या पट्ट्याची खिळ्याने पाडलेली भोकं आता मोकळीच होती, बक्कल जुन्या जागी आलेलं. काकी कौतुकाने तक्रार करत होत्या की ह्यांना हल्ली डाळ-भात चालत नाही, रोज मासळी लागते. नखं कापून झाली. काका पिंट्याला गवताची काडी भरवत बाकावर बसले. काकी माझ्यापाशी आल्या, पदर सावरला आणि कानाशी वाकून कुजबुजल्या.

"बाय, ह्येंका बरा वाटता, त्येकाय बरा वाटता. मगे ता दुखणा गेला खंय?"

बाहेर बाकावर काकांच्या हातातली काडी थांबली. ते वर बघत नव्हते, पण पिंट्या काडीसाठी मान ताणत होता आणि त्यांच्या ते लक्षात नव्हतं.

मी म्हटलं, "गणपतीबरोबर गेलं असेल, काकी."

त्यांनी विचार केला. पटलं की नाही कोण जाणे. काका पिशवी घेऊन उठले.

"चल गे," ते म्हणाले, "उशीर केलंस तर बाजारात बांगडो रवाचो नाय."